गाठी, गवत आणि नोंदवही

गेल्या अंकात ताकेतोमी बेटावरच्या उएसेदो तोरु यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. जपानच्या दक्षिण टोकाला, ओकिनावा प्रांतातल्या यायेयामा द्वीपसमूहात हे बेट आहे. प्रवाळाच्या चुनखडीचं, सपाट, जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं. तिथल्या किहोइन या बौद्ध मंदिराचे पुजारी असलेल्या उएसेदोंनी घराघरातल्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि मंदिराला जोडूनच त्यांचं संग्रहालय थाटलं, त्यात गवतावर लिहिलेला हिशेबही आहे, आणि अशा रीतीनं एका माणसानं बेटाचा वारसा वाचवला, एवढाच मजकूर होता. त्यावर बरीच पत्रं आली. काही कौतुकाची, काही शंकेखोर. शंकेखोर मला जास्त आवडतात. संग्रहालयाच्या नोंदणी विभागात नोकरी झाली की माणूस असाच होतो.

पुजाऱ्याला हा नाद का लागावा? आणि त्यांनी नेमकं जमवलं काय? सोनंनाणं, मूर्ती वगैरे होतं का? (एक शिक्षिका)

सोनंनाणं नव्हे. शेतीची, मासेमारीची आणि विणकामाची अवजारं, स्वयंपाकघरातली भांडी, अंगावरचे कपडे, हिशेब ठेवायची साधनं. सुमारे ४००० वस्तू. त्यांतल्या ८४२ वस्तूंची जपान सरकारनं २००७ साली ‘ताकेतोमी बेटावरची जीवनसाधनं’ म्हणून नोंदणीकृत लोकसांस्कृतिक वारशात नोंद केली. उएसेदो १९८४ साली वारले, म्हणजे ही दखल त्यांना बघायला मिळाली नाही. त्यांच्यामागे घरच्यांनीच संग्रहालय सांभाळलं.

नाद का लागला, यासाठी त्यांचा काळ बघा. त्यांचा जन्म १९१०चा. यायेयामात आणि शेजारच्या मियाको बेटांवर १६३७ पासून माणशी कर होता. पीक किती आलं याच्याशी त्याचा संबंध नव्हता. वय पंधरा ते पन्नास असलं की कर द्यायचाच. पुरुषांनी धान्यात, बायकांनी विणलेल्या कापडात. त्यात ताकेतोमीवर नदी नाही, भाताची खाचरं नाहीत. लोक होड्या घेऊन समोरच्या इरिओमोते बेटावर जायचे, तिथे भात पिकवायचे आणि परत यायचे. हा कर उठला १९०३ साली. म्हणजे उएसेदो जन्मले त्याच्या सातच वर्षं आधी. लहानपणी त्यांच्या आजूबाजूला वावरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईनं करासाठी कापड विणलेलं होतं, प्रत्येक म्हाताऱ्यानं धान्य मोजून दिलेलं होतं. ती माणसं आणि त्यांचे माग डोळ्यांसमोर होते, आणि माग तर आता सक्तीनं चालवायची गरज उरली नव्हती.

मग युद्ध झालं. यायेयामात अमेरिकी सैन्य उतरलं नाही, पण लोकांना हिवतापाच्या जंगलात हलवलं गेलं आणि त्या तापानं द्वीपसमूहात साडेतीन हजारांहून जास्त माणसं नेली. युद्ध संपल्यावर तैवान आणि इतर ठिकाणांहून माणसं परतली, ताकेतोमीची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या माणसांना पोसायची त्या चुनखडीची ताकद नव्हती. हळूहळू घरं बंद होत गेली. कोणी जवळच्या इशिगाकीला गेलं, कोणी ओकिनावाच्या मुख्य बेटावर, कोणी त्याहून लांब. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अडीचशेच्या आसपास माणसं उरली होती.

घर बंद होताना काय होतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. किमती वस्तू बरोबर जाते. टिकाऊ वस्तू शेजाऱ्याकडे जाते. उरतं ते चुलीत जातं. ज्याला भाव नाही ते सगळ्यांत आधी नाहीसं होतं, आणि रोजच्या जगण्याचा पुरावा नेमका त्यातच असतो. एवढ्याशा बेटावरच्या पुजाऱ्याला कोणतं घर कधी रिकामं होणार हे कळत असणारच. शिवाय त्यांनी वस्तूंबरोबर गोष्टी, रीतिरिवाज आणि गाणीही टिपून ठेवली. ‘ताकेतोमी बेटाचा वृत्तांत’ म्हणता येईल असा त्यांचा ग्रंथ दोन भागांत छापला गेला. १९७६ साली लोककथा आणि लोकजीवनाचा भाग आला, १९७९ साली गाणी आणि नाचनाट्याचा. माझ्या मते त्या ४००० वस्तूंइतकंच वजन या दोन भागांना आहे. का, ते पुढच्या उत्तरात.

तुम्ही ‘गवतावर लिहिलेला हिशेब’ असं लिहिलं होतंत. म्हणजे काय? गवतावर कसं लिहिणार? (एक निवृत्त बँक कर्मचारी)

तुमच्यासारख्या खतावण्या चाळलेल्या माणसानं हा प्रश्न विचारला याचा आनंद झाला, कारण ही खतावणीच आहे. तिला वाराझान म्हणतात.

र्‍यूक्यू राज्याच्या, म्हणजे ओकिनावा आणि या बेटांवरच्या जुन्या राज्याच्या, काळात लिहिणं-वाचणं हे अधिकारी घराण्यांचं काम होतं. शेतकऱ्याला अक्षर शिकवलं जात नसे; कर मात्र त्यानं चोख भरायचा. मग गावातल्या माणसाला कळेल अशी पावती हवी, म्हणून भाताच्या पेंढ्याच्या काड्या घेऊन त्यांना गाठी मारायच्या. काडी कोणत्या जागी फुटते, गाठ कशी वळते, एका जुडीत काड्या किती, शेवटाला सैल वळण आहे की आवळून बांधलंय, या सगळ्यातून आकडा ठरायचा. घरटी किती धान्य द्यायचं, कोणाकडून किती आलं, किती राहिलं, हे अशा जुड्यांवर असे. आपण एखादी गोष्ट लक्षात ठेवायची म्हणून मनाशी खूणगाठ बांधतो, त्यांनी खरोखरच बांधली. तिच्याच जोडीला काइदा नावाची चित्रलिपीही होती: पोतं, माप, जनावर अशी छोटी चित्रं आणि त्यांच्याशेजारी आकड्यांच्या खुणा. तीही कराच्या नोंदींसाठी आणि घरच्या हिशेबासाठी वापरात होती.

१८८०च्या दशकात ताशिरो आंतेई नावाचा अभ्यासक या बेटांवर हिंडला आणि त्यानं गाठींच्या हिशेबाची टिपणं काढली. तेव्हा ही पद्धत चालू होती, वापरणारी माणसं जिवंत होती, त्यामुळे ‘ही गाठ म्हणजे काय’ असं विचारता येत होतं.

आता कल्पना करा की अशी एक जुडी माझ्या टेबलावर आली आहे. सोबत कागद नाही, आणणाऱ्यालाही काही ठाऊक नाही. मी तिची लांबी मोजेन, वजन करेन, काड्या मोजेन, फोटो काढेन. एवढं करूनही मला कळणार नाही की हा भात आहे, कापड आहे की लाकडाचे ओंडके. कोणत्या वर्षाचा, कोणत्या घराचा, देणं की येणं, काहीच नाही. रजिस्टरमध्ये मी लिहीन: ‘पेंढ्याची जुडी, गाठी असलेली, नग १’. वस्तू वाचली, हिशेब मेला.

नोकरीत असल्या नोंदी मी पोत्यानं पाहिल्या आहेत. ‘दोर, जुना.’ ‘भांडं, लाकडी, तडा गेलेलं.’ देणाऱ्याचं नाव व्यवस्थित, कारण त्याचा सत्कार झालेला असतो; वापरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. उएसेदोंची गोष्ट वेगळी पडते ती इथे. ते त्याच बेटाचे होते. वस्तू कोणत्या घरातून आली, तिला घरात काय म्हणत, ती कोणत्या सणाला बाहेर निघायची, हे त्यांना विचारायला लांब जावं लागत नव्हतं, आणि पुष्कळदा विचारावंही लागत नसणार.

मिन्साचंच घ्या. हा ताकेतोमीचा प्रसिद्ध सुती पट्टा, कमरेला बांधायचा. त्यावर पाच आणि चार चौकोनांची नक्षी असते आणि दोन्ही कडांना बारीक आडव्या रेघांची किनार. हा पट्टा बाई आपल्या माणसासाठी विणायची. नवरा रात्री बायकोच्या घरी यायचा अशा काळातली ही गोष्ट. कडेच्या रेघा म्हणजे गोमेचे पाय: पुष्कळ पायांनी, वरचेवर ये. चौकोनांचा अर्थही तसाच, कायम सोबत राहण्याचा. हे सगळं विणणाऱ्या बायका सांगतात म्हणून आपल्याला माहीत आहे. नुसता पट्टा काचेच्या पेटीत ठेवला तर बघणारा म्हणेल, ‘छान भूमिती आहे.’

एका माणसाच्या अडगळीनं बेटाचा वारसा वाचला असं म्हणणं म्हणजे अतिशयोक्ती नाही का? वारसा वाचतो कायद्यानं आणि पैशानं. (एक वकील)

‘अडगळ’ हा शब्द तुम्ही मुद्दाम वापरलात हे कळलं. बाकी तुमचं निम्मं खरं आहे.

ताकेतोमीवर १९७१ साली भीषण दुष्काळ पडला आणि त्यातच मोठं वादळ आलं. शेती आणि जनावरं गेली. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, ओकिनावा अमेरिकेकडून जपानला परत मिळणार हे ठरलेलं होतं, त्यामुळे पर्यटनाच्या आशेनं बाहेरचं भांडवल जमिनी विकत घेत फिरू लागलं. हातात पैसा नसलेल्या माणसानं जमीन विकली तर त्याला दोष कसा द्यायचा? तरी बेटावरची काही माणसं उभी राहिली, घरोघर गेली, विकू नका म्हणून समजावत राहिली. त्यातून १९८६ साली बेटाची सनद झाली. तिची तत्त्वं पाच: विकायचं नाही, घाण करायची नाही, बिघडवायचं नाही, मोडायचं नाही, आणि जे आहे ते जगतं ठेवायचं. १९८७ साली लाल कौलांची घरं, प्रवाळाच्या दगडांची गडगी आणि पांढऱ्या वाळूचे रस्ते असलेली वस्ती राष्ट्रीय पातळीवर संरक्षित झाली. त्याआधी १९७७ साली पेरणीचा तानादुई उत्सव महत्त्वाचा अमूर्त लोकवारसा म्हणून जाहीर झाला होता. हा उत्सव सहाशे वर्षांची परंपरा सांगतो, दहा दिवस चालतो आणि त्यातल्या दोन दिवसांत देवस्थानासमोर सत्तरच्या वर नाच-नाट्यं सादर होतात. साडेतीनशेच्या आसपास वस्तीचं गाव हे करतं! बाहेर गेलेले बेटकरी त्यासाठी परत येतात.

हे एका पुजाऱ्यानं केलं नाही. पण वकीलसाहेब, तुमच्याच भाषेत सांगते. कायद्याला पुरावा लागतो. ‘आमची रीत जुनी आहे’ असं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. गाण्याचे शब्द काय, कोणत्या प्रसंगी कोणतं साधन लागतं, पट्टा कोणत्या मागावर विणत, हे कोणीतरी कुठेतरी ठेवलेलं लागतं. १९५०च्या दशकात कुराशिकीच्या लोककला संग्रहालयाचे तोनोमुरा किचिनोसुके बेटावर आले आणि मिन्साचं विणकाम टिकवा म्हणून मागे लागले, तेव्हा बेटावर दाखवायला काहीतरी शिल्लक होतं म्हणूनच त्या बोलण्याला अर्थ होता. १९८७ साली संरक्षित झालेली घरं बघायला गेलात तर आतलं जगणं कुठे बघणार? नुसती कौलं बघून परत यायचं का?

आणि कायद्याचंच म्हणाल तर वापरातल्या वस्तू राष्ट्रीय पातळीवर ‘नोंदणीकृत’ करायची सोयच जपानमध्ये २००४च्या दुरुस्तीनंतर आली. कायदा येईपर्यंत ती भांडी थांबली होती. कोणीतरी थांबवून धरली म्हणून थांबली.

एवढा मौल्यवान संग्रह वादळाच्या वाटेवरच्या बेटावर कशाला ठेवायचा? टोकियोला का दिला नाही? (एक अभियंता)

या प्रश्नावर आमच्या धंद्यात भांडणं होतात, आणि मी दोन्ही बाजूंनी भांडलेली आहे.

आधी तुमच्या बाजूनं बोलते. ओकिनावाच्या मुख्य बेटाचं उदाहरण घ्या. कामाकुरा योशितारो हा कागावाचा, म्हणजे मुख्य भूमीवरचा माणूस. १९२१ साली चित्रकला शिकवायला ओकिनावात आला आणि तिथल्या कलेनं त्याला असं धरलं की तो वर्षानुवर्षं नोंदी करत राहिला. इमारती, कापड, मातीकाम, विधी, सगळं. मोजमापं, रेखाटनं, काचेवरची छायाचित्रं. १९२४ साली र्‍यूक्यू राजांच्या शुरी किल्ल्यातला मुख्य प्रासाद पाडायचा घाट घातला गेला, तेव्हा ही बातमी वाचून तो वास्तुतज्ज्ञ इतो चुता यांच्याकडे धावला, आणि पाडकाम थांबलं. पुढे १९४५च्या लढाईत तो प्रासाद तसाही जळाला, आणि त्याबरोबर शुरीतलं जवळपास सगळंच. कामाकुराच्या वह्या आणि छायाचित्रं मुख्य भूमीवर होती. १९९२ साली प्रासाद पुन्हा उभा राहिला त्यात त्या नोंदींचा मोठा हात होता. त्यातल्या छायाचित्रांना २००५ साली महत्त्वाच्या सांस्कृतिक संपत्तीचा दर्जा मिळाला. ८१ वह्या आता ओकिनावाच्या कला विद्यापीठात आहेत. ३१ ऑक्टोबर २०१९च्या पहाटे प्रासाद पुन्हा जळाला, तेव्हा त्या वह्यांची पानं पुन्हा उघडावी लागली.

बिंगाता या रंगीत कापडाचंही तेच. छपाईचे कागदी साचे ओकिनावात नष्ट झाले होते. शिरोमा एइकी या कारागिरानं कामाकुराकडच्या जुन्या साच्यांवरून नक्षी उतरवून घेतली आणि युद्धानंतरच्या भग्न गावात काम सुरू केलं. अमेरिकी सैन्याच्या टाकलेल्या नकाशांचे साचे कापले, लिपस्टिक फोडून रंग केला, खळीच्या पिशवीला बंदुकीच्या गोळीचं रिकामं नळकांडं तोटी म्हणून लावलं, फुटक्या ग्रामोफोन तबकडीचा उलथन्यासारखा उपयोग केला. सामान असलं आणि कापड राजदरबारचं. या माणसाबद्दल कितीही लिहिलं तरी कमी, पण संपादक शब्द मोजतात.

आता दुसरी बाजू. इसाबेल ग्रँट या इतिहासकार बाईंनी १९३५ साली स्कॉटलंडच्या आयोना बेटावर एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये डोंगराळ भागातल्या आणि बेटांवरच्या वापरातल्या वस्तूंचं संग्रहालय सुरू केलं. जागा पुरेना म्हणून १९३९ साली ते मुख्य भूमीवर लॅगनला गेलं, तिथून १९४४ साली किंग्युसीला. आज तो संग्रह मोठा आहे, नावाजलेला आहे, आणि आयोनावर नाही. ग्रँटबाईंचा यात दोष नाही, त्यांनी सगळ्या प्रदेशाचं जमवलं होतं आणि छप्पर तर हवंच. पण बेटावरच्या मुलाला पणजीचा चरखा बघायचा असेल तर त्यानं आता नावेचं तिकीट काढायचं.

माझा निकाल असा: वस्तू बेटावर, नोंदीची पूर्ण प्रत बेटाबाहेर. शुरीला बाहेरच्या वह्या उपयोगी पडल्या, बाहेर नेलेलं सिंहासन नव्हे. ताकेतोमीवर पेंढ्याची जुडी शंभर वर्षांत कदाचित बुरशीनं जाईलही. पण तोवर ती ज्या गाठी मारणाऱ्यांची होती त्यांच्या पतवंडांच्या डोळ्यांसमोर राहील, आणि तिचा फोटो, मापं, अर्थ दुसऱ्या गावात सुरक्षित असेल. प्रत बाहेर ठेवायला खर्चही लागत नाही. आळस मात्र आड येतो.

संग्राहक लोक गरिबांच्या वस्तू फुकटात लाटतात आणि मग स्वतःच्या नावाची पाटी लावतात. यावर तुमचं मत? (नाव नको म्हणून लिहिलं आहे)

लाटतात. मी पाहिलंय. तपासायची सोपी रीत आहे: देणाऱ्याला काही लेखी दिलं का, आणि देणारा परत येऊन ती वस्तू बघू शकतो का. दोन्ही उत्तरं ‘नाही’ असतील तर पाटीवर कोणाचंही नाव असो, तो व्यापार समजा. गावातच राहणाऱ्या संग्राहकावर तसा धाकही असतो. ज्याच्या घरातून भांडं आणलं तो उद्या रस्त्यात भेटणार असतो.

माझ्या वडिलांनी चाळीसेक वर्षं जुन्या वस्तू जमवल्या. आता ते थकलेत, आणि घरात कोणालाच त्यांतलं कळत नाही. कुठल्या संग्रहालयाला द्याव्यात? की आधी स्वच्छ करून घ्याव्यात? (एक वाचक)

दोन्ही नको. आधी वडिलांपाशी बसा.

वस्तू पाच वर्षं तशाच पडून राहिल्या तरी बहुधा चालेल. वडिलांची आठवण थांबणार नाही. रोज दोन-तीन वस्तू त्यांच्या हातात द्या आणि फोनवर आवाज टिपा. जॉन लॉर्न कॅम्पबेल नावाचा माणूस १९३७ साली मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरणारं यंत्र घेऊन स्कॉटलंडमधल्या गेलिक भाषेतली गाणी टिपू लागला. पुढच्या वर्षी त्यानं स्कॉटलंडचं कॅना बेटच विकत घेतलं आणि १९८१ साली बेट आणि संग्रह मिळून राष्ट्रीय न्यासाला देऊन टाकला. त्यानं टिपलेले आवाज आज घरबसल्या ऐकता येतात. तुम्हाला यंत्र उचलायचं नाही, बेट विकत घ्यायचं नाही. फोन टेबलावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं लोकांना जमत नाही. वडील ‘हे आपलं असंच’ म्हणतील. थांबा, खरं वाक्य त्याच्यानंतर येतं.

विचारायचं काय? कुठून आणली, कोणाकडून, साधारण कधी. तिला त्या घरात काय म्हणत. कोण वापरायचं, बाई की पुरुष, कोणत्या हातानं, बसून की उभ्यानं. मोडली तर कोण दुरुस्त करायचं. कशासोबत वापरायची, कारण पुष्कळ वस्तू एकट्या निरर्थक असतात. दर वेळी वस्तूचा नंबर आधी मोठ्यानं बोला, म्हणजे आवाज आणि वस्तू यांची ताटातूट होणार नाही. वडिलांना आठवलं नाही तर नोंदीत ‘आठवत नाही’ असंच लिहा. अंदाजानं भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

नंबर साधा ठेवा: वर्ष आणि अनुक्रम. वर्गवारीचे गुंतागुंतीचे संकेत नकोत, तिसऱ्या दिवशी तुम्हीच विसराल. कापडाला नंबर लिहायचा झाला तर सुती फितीच्या तुकड्यावर लिहून तो तुकडा कडेला दोन सैल टाके घालून शिवा. लाकूड किंवा धातू असेल तर न दिसणाऱ्या जागी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर द्या, तो वाळला की त्यावर नंबर लिहा, वरून दुसरा थर द्या. हा थर पुढे ॲसिटोननं काढता येतो. हे मिळालं नाही तर सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. चिकटपट्टी आणि स्टिकर वापरू नका. त्यांचा डिंक वाळतो, स्टिकर पडतो आणि डाग राहतो, असं दुहेरी नुकसान होतं. कागदावरच्या नोंदी पेन्सिलनं, शाई पाण्यात पसरते.

स्वच्छतेचं म्हणाल तर मऊ ब्रशनं सुटी धूळ झटका आणि तिथेच थांबा. पितळ चकचकीत करू नका, लाकडाला तेल लावू नका, कापड धुऊ नका. हात लागून लागून झालेला काळा डाग हा वस्तू कुठे धरत याचा पुरावा असतो, आणि भांड्याच्या तळची काजळी हा ते चुलीवर चढल्याचा. देणगीच्या आधल्या रात्री उत्साही सूनबाईंनी ‘लख्ख’ केलेल्या वस्तू पाहून मी अनेकदा मनातल्या मनात रडले आहे.

संग्रहालयाशी बोलणी त्यानंतर करा, आणि करताना नोंदवही पुढे ठेवा. वहीसकट आलेला संग्रह कोणीही गंभीरपणे बघतो. वहीशिवायचा आला की आम्ही आधी जागेचं कारण सांगतो. ‘काही वस्तू निवडून घेऊ’ असं ते म्हणाले तर रागावू नका. मात्र निवड करताना एकमेकींवर अवलंबून असलेल्या वस्तू फुटू देऊ नका.

तुम्ही पत्रात पेंढा-वेताच्या टोपल्यांमधून बारीक भुसा पडतो असं लिहिलंय. तो भुसा म्हणजे कीड आहे. आज, पत्र वाचून झाल्यावर लगेच, त्या टोपल्या बाकी वस्तूंपासून वेगळ्या करा. डांबराच्या गोळ्या टाकून कपाट बंद करू नका. प्रत्येक टोपली जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून, जमेल तेवढी हवा काढून, पिशवी पक्की बंद करा आणि उणे वीस अंश सेल्सियसच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. रंग दिलेल्या, हस्तिदंताच्या किंवा काच जडवलेल्या वस्तूंना हा उपाय करू नका, त्या तडकतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतली टोपली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान एक दिवस, तशीच बंद राहू दे, नाहीतर तिच्यावर पाणी सुटेल आणि किडीऐवजी बुरशी लागेल.